सोबत कोण आहे?

आजचा भाग एका प्रश्नापासून सुरू करते. हा प्रश्न तुमच्यापैकी काहींनी हजार वेळा ऐकला असेल, आणि काहींनी आयुष्यात एकदाही नाही.

मुलगी पुण्याहून नागपूरला निघालीये. तिकीट कन्फर्म आहे, डबा भरलाय, चार्जर बॅगेत टाकलाय. दारात चप्पल घालताना आतून आवाज येतो, "सोबत कोण आहे गं?" तिचाच भाऊ त्याच गाडीने निघाला, की वाक्य बदलतं. "पोचलास की फोन कर रे." बस्स.

'सोबत' हा आपला शब्द तसा गमतीचा आहे. "तिच्या सोबतीला काकांना पाठवा" म्हणतो, तेव्हा सोबत म्हणजे राखण. "गाडीत एका काकूंची छान सोबत मिळाली" म्हणतो, तेव्हा सोबत म्हणजे तिकिटाने शेजारी आणून बसवलेलं माणूस. आणि "जन्माची सोबत" म्हणतो, तेव्हा कसली सोबत ते तुम्हाला कळलंच. एकच शब्द, तीन अर्थ.

आज मला ज्या गोष्टीचा इतिहास सांगायचाय, ती तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलीये. दोन तरुण माणसं, स्वभावाने एकदम उलटी. एक बडबडी, एक घुमा. किंवा एक गडगंज श्रीमंत, एक खिशाने फाटका. प्रवासात नाइलाजाने एकमेकांच्या गळ्यात पडतात. भांडतात. गाडी चुकते, पैसे संपतात, पाऊस येतो, आणि शेवटी प्रेम. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' घ्या, 'जब वी मेट' घ्या. आपण लगेच म्हणतो, "ऑपोझिट्स अट्रॅक्ट!"

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. विरुद्ध स्वभाव हा या गोष्टीतला मसाला झाला. भाजी वेगळीच आहे. मुलीच्या शेजारी कोण बसणार, हे कोण ठरवतं? घर, तिकीट, की ती स्वतः? या गोष्टीचा सगळा इतिहास म्हणजे 'सोबत' शब्दाचा पहिल्या अर्थापासून तिसऱ्या अर्थापर्यंतचा प्रवास आहे. चला, बसा गाडीत.

आधी गाडी, मग गोष्ट

प्रवासात अनोळखी माणूस शेजारी यायचा, तर आधी अनोळखी माणसं एकत्र नेणारं वाहन हवं. बैलगाडीत, मेण्यात, छकड्यात तुमच्या शेजारी घरचीच माणसं. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे आणि साधारण चारशे पाहुणे. त्या दिवसापासून हळूहळू एक नवीन गोष्ट सुरू झाली. तुम्ही कुठे बसणार हे तुमच्या हातातल्या तिकिटावर ठरायला लागलं.

बायकांसाठी अर्थातच वेगळे डबे आले. कारण प्रश्न तोच होता: सोबत कोण?

हा प्रश्न एका मराठी मुलीला अगदी जाहीरपणे विचारला गेला होता. आनंदीबाई जोशी. वय १७. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, मुक्काम बंगालमधलं सेरामपूर. आनंदीबाई डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या आणि गावात चर्चा पेटली. मग २४ फेब्रुवारी १८८३ ला त्यांनी तिथल्या कॉलेजात, भर सभेत, लोकांच्या प्रश्नांना एकेक करून उत्तरं दिली. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? आणि या यादीत एक प्रश्न होता: एकटीच का जातेस?

विचार करा. समुद्र ओलांडायचा, परक्या देशात डॉक्टरकी शिकायची, आणि लोकांना पडलेला प्रश्न, एकटीच का. आनंदीबाई एप्रिलमध्ये बोटीत बसल्या. सोबतीला मिशनरी बायका होत्या, पण नवरा नाही. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

ही प्रेमकथा नाही, मला माहितीये. पण लक्षात ठेवा. पुढे ज्या नायिका येतील, त्या सगळ्यांना हाच प्रश्न चुकवून घराबाहेर पडायचंय.

मायामी ते न्यूयॉर्क, रात्रीची बस

आता थेट अमेरिका, १९३३. महामंदी शिगेला पोचलेली. दर चार कामगारांमागे एक बेकार. त्या ऑगस्टमध्ये 'कॉस्मोपॉलिटन' मासिकात सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांची एक कथा छापून आली, 'नाइट बस'. कोलंबिया या तेव्हाच्या लहानशा स्टुडिओने ती घेतली. रॉबर्ट रिस्किन यांनी पटकथा लिहिली, फ्रँक काप्रा यांनी दिग्दर्शन केलं, आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये सिनेमा लागला, 'इट हॅपन्ड वन नाइट'.

क्लार्क गेबल एमजीएमकडून उसना आणलेला हिरो. क्लॉडेट कोल्बेअर पॅरामाउंटची, आणि तिला हे काम फारसं करायचंच नव्हतं. तिने नेहमीच्या दुप्पट पैसे मागितले, पन्नास हजार डॉलर, आणि चार आठवड्यांत मोकळं करा अशी अट घातली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ऑस्करचा समारंभ होता, तेव्हा ही बाई न्यूयॉर्कच्या गाडीत बसायला स्टेशनवर गेलेली. तिथून तिला पकडून आणावं लागलं, कारण बेस्ट ॲक्ट्रेस तीच होती! सिनेमा, दिग्दर्शक, नट, नटी, पटकथा अशी पाचही मोठी बक्षिसं या एका सिनेमाने नेली. तसं करणारा हा पहिलाच.

गोष्ट काय? एली ही कोट्यधीशाची लेक. बापाच्या मनाविरुद्ध एका स्टायलिश विमानवाल्याशी लग्न करून बसलीये. बापाने तिला बोटीवर कोंडलंय. ती पाण्यात उडी मारते, पोहत किनारा गाठते आणि न्यूयॉर्कला नवऱ्याकडे जायला साधी बस पकडते. बापाचे डिटेक्टिव्ह बसस्टँडवरही उभे आहेत, पण त्यांनाच खात्री आहे की एवढ्या घरची मुलगी बसने कशाला जाईल! एलीची सुटका होते ती यामुळेच.

बसमध्ये भेटतो पीटर. पत्रकार, नुकतीच नोकरी गेलेली, जिभेला धार. तो तिला ओळखतो आणि सौदा करतो. मी तुला न्यूयॉर्कला पोचवतो, तू मला तुझी बातमी दे. प्रेमबिम काही नाही, व्यवहार.

आता एक बारीक जागा बघा. एली सुरुवातीला पीटरला उभंसुद्धा करत नाही. ती पुन्हा त्याच्या शेजारी येते कारण दुसरा एक प्रवासी, शेपली नावाचा, तिच्या शेजारी बसून नको इतकी सलगी करायला लागतो. पीटर येतो आणि सरळ सांगतो की ही माझी बायको आहे. शेपली गप्प उठतो. म्हणजे ती मुलगी नको म्हणतेय, हे त्याला पुरेसं नव्हतं. तिचा मालक आहे म्हटल्यावर पुरलं. एसटीत, लोकलमध्ये, शेअर रिक्षात हा शेपली आपल्या सगळ्यांना भेटलेला आहे.

मग पावसाने रस्ता बंद होतो आणि दोघांना हायवेलगतच्या एका खोलीत रात्र काढावी लागते. दोन खोल्यांचे पैसे नाहीत, म्हणून नवरा-बायको असं नाव लिहून एकच खोली. पीटर काय करतो? दोन पलंगांच्या मध्ये दोरी बांधतो आणि त्यावर घोंगडी टाकतो. आणि बायबलातल्या जेरिको शहराच्या भिंतीचं नाव देतो तिला. ती भिंत कर्ण्यांच्या आवाजाने पडते अशी कथा आहे, आणि पीटरकडे कर्णा नाहीये!

त्या रात्रीच्या आसपास एली त्याला सांगते की लहानपणापासून ती कधी एकटी नव्हतीच. दाया, शिकवणाऱ्या बाया, राखणीला माणसं, बॉडीगार्डसुद्धा. आयुष्यभर 'सोबत' होती, पण सगळी पहिल्या अर्थाची. पीटर हा तिच्या आयुष्यातला पहिला माणूस, जो बापाने नेमलेला नाही. आणि गंमत म्हणजे तोच सगळ्यात चोख राखण करतो. ती भिंत जाड आहे म्हणून टिकत नाही. घोंगडी ती, हाताने बाजूला होते. ती टिकते कारण तो ती टिकवतो. बघणारं कोणी नसताना माणूस कसा वागतो, हे तिला त्या रात्री कळतं.

पुढे गैरसमज होतात, एली बापाकडे परत जाते आणि त्याच विमानवाल्याशी थाटात दुसऱ्यांदा लग्न ठरतं. मुलगी शोधून देणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झालेलं असतं. पीटर ते मागत नाही. तो बापाकडे झालेल्या खर्चाचं बिल घेऊन जातो, ३९ डॉलर ६० सेंट. फक्त! बाप खूश. मुलीला लग्नवेदीकडे नेताना तो तिच्या कानात सांगतो की हा पोरगा भला आहे आणि मागच्या फाटकाजवळ गाडी उभी आहे. एली पळते. शेवटी कुठल्यातरी हायवेलगतच्या खोलीत खेळण्यातला कर्णा वाजतो आणि घोंगडी खाली पडते.

बघितलंत? ज्या बापाच्या पहाऱ्यातून पळून गोष्ट सुरू झाली, त्याच बापाने गाडीची व्यवस्था केल्यावर ती संपते. मुलगी बापाच्या राखणीतून निघाली आणि बापाने पास केलेल्या दुसऱ्या राखणदाराकडे पोचली. प्रेम खरं आहे, मला शंका नाही. पण सही बापाची आहे.

'चोरी चोरी' आणि नंतर

ही गोष्ट भारतात यायला फार वेळ लागला नाही. १९५६ मध्ये मद्रासच्या एव्हीएमने 'चोरी चोरी' काढला. दिग्दर्शक अनंत ठाकूर, राज कपूर पत्रकार, नर्गिस सेठजींची लेक, प्राण तो विमानवाला. शंकर-जयकिशन यांना संगीताचं फिल्मफेअर मिळालं. राज-नर्गिस या जोडीचा नायक-नायिका म्हणून हा शेवटचा सिनेमा.

आपल्याकडे तेव्हा लांब पल्ल्याची बस तशी नवीच होती. महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली ती १ जून १९४८ ला. म्हणजे 'चोरी चोरी' बघणाऱ्या पब्लिकसाठी बसमध्ये अनोळखी माणसाच्या शेजारी बसणं हा आठ-दहा वर्षांचा अनुभव. माझी आजी सांगायची की ती पहिल्यांदा एसटीत बसली तेव्हा पदर डोक्यावरून पुढे ओढून अख्खा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसली होती. शेजारी परका माणूस होता म्हणून. मी विचारलं, "आजी, मग घाट दिसला असेल ना छान?" तर म्हणाली, "दिसला की! नाहीतर कुठे दिसणार होता?" मला हे उत्तर फार आवडतं. तिला सोबतीचं ओझंच झालं, पण खिडकी मिळाली.

१९९१ मध्ये महेश भट्ट यांनी तीच गोष्ट पुन्हा केली, 'दिल है कि मानता नहीं'. आमिर खान पत्रकार, पूजा भट्ट लेक, अनुपम खेर बाप. यात विमानवाल्याच्या जागी फिल्मस्टार आला. १९३४ मध्ये विमान उडवणारा म्हणजे ग्लॅमर, १९९१ मध्ये पोस्टरवरचा हिरो म्हणजे ग्लॅमर. चकाकणारा माणूस बदलला, बाप तोच राहिला. इथेही शेवटी मुलीला मांडवातून पळ म्हणून सांगणारा तिचा बापच.

बापाची परवानगी, मुलीचं धाडस

चार वर्षांनी, २० ऑक्टोबर १९९५ ला, 'डीडीएलजे' लागला. मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये तो पंचवीस वर्षांहून जास्त चालला, हे तुम्हाला माहितीये. पण मराठा मंदिर कुठे आहे? मुंबई सेंट्रल स्टेशन आणि एसटी डेपोच्या जवळच. गाडीला वेळ असलेली माणसं बॅग घेऊन आत जाऊन बसायची. प्रवासातल्या प्रेमाचा सिनेमा प्रवाशांनी बघितला!

तो बस आणि पत्रकाराच्या गोष्टीचा रीमेक नाही, पण घराणं तेच. सिमरन पळत नाही. ती लग्नाआधी महिनाभर युरोप फिरायची परवानगी बापाकडे मागते. तिथे गाडी चुकते आणि मस्तीखोर राजसोबत अडकते. एका रात्रीनंतर राज तिची भलती चेष्टा करतो, ती रडते, मग तो गंभीर होऊन सांगतो की असं काही झालेलं नाही. जेरिकोची भिंतच ती, फक्त घोंगडी नाही. आणि पुढे तर राज पळून जायलाच नकार देतो. त्याला बापाची परवानगी हवी. शेवटी चालत्या गाडीपाशी बाप हात सोडतो. नीट बघा, सिमरन हात सोडवून घेत नाही. सोडतो तो बाप.

मग येते गीत. 'जब वी मेट', २००७, इम्तियाज अली. इथे मला वाटतं गोष्ट खरंच कूस बदलते.

आदित्य हा कोलमडलेला श्रीमंत मुलगा. मुंबईत कुठल्यातरी गाडीत विचार न करता चढतो. गीत भटिंड्याला घरी निघालीये, तोंडाचा पट्टा चालू. त्याच्यापायी तिची गाडी सुटते. मग रतलामला ती पुन्हा एकदा सुटते, आणि तिथला स्टेशनमास्तर तिला एकट्या मुलीने कसं राहावं यावर उपदेश सुरू करतो. आनंदीबाईंना विचारलेला प्रश्नच, सव्वाशे वर्षांनी, प्लॅटफॉर्मवर. गीत ऐकून घेत नाही.

पण मोठा बदल वेगळाच आहे. आतापर्यंत प्रत्येक गोष्टीत मुलगा मुलीची राखण करत होता. इथे पहिल्या अर्ध्या भागात राखण गीत करतेय! आदित्यला जगायची इच्छा नाही, आणि ही मुलगी त्याला ओढत, खेचत, हसवत घरापर्यंत नेते. नंतर गीत मोडून पडते तेव्हा तो तेच तिच्यासाठी करतो. सोबत दोन्ही बाजूंनी झाली. शेवटी निवड करते ती गीत. बापाची सही आता आधी लागत नाही.

पुणे स्टाइल

आपल्या मराठीत या घराण्याचा सिनेमा २०१० मध्ये आला. सतीश राजवाडे यांचा 'मुंबई-पुणे-मुंबई'. मुक्ता बर्वे, स्वप्नील जोशी. स्पॉयलर आहे, नसेल पाहिला तर पुढची दोन मिनिटं ढकला.

मुंबईची मुलगी पुण्याला येते. का? आईने आग्रह केलेल्या स्थळाला तोंडावर नकार द्यायला! मुलगा घरी नाही. मग एक पुणेकर तिला दिवसभर शहर दाखवतो आणि दोघं मुंबई मोठी की पुणं शहाणं यावर डोकं खातात एकमेकांचं. आणि शेवटी कळतं की तो पुणेकर म्हणजेच ते स्थळ.

यात पळणं नाही, रात्रीची खोली नाही, भिंत नाही. सगळं भरदिवसा, रस्त्यावर. पण एक गोष्ट घडली. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगी खाली मान घालून बसते आणि बाकीचे बोलतात. इथे त्याच स्थळाशी ती दिवसभर भांडली, तेही घरचं कोणी शेजारी नसताना. घराने निवडलेला मुलगा आणि रस्त्यात भेटलेला मुलगा एकच निघाला, पण त्याला पारखलं तिने, बैठकीच्या खोलीबाहेर.

आणि २०१४ मधला 'क्वीन' आठवा. लग्न मोडलेली राणी हनीमूनच्या तिकिटावर एकटीच निघते. ॲमस्टरडॅमला हॉस्टेलच्या खोलीत तीन परदेशी मुलं. ती घाबरते. मग त्यांची दोस्ती होते. आणि प्रेम? होतच नाही. शेजारची सीट रिकामी राहिली तरी गोष्ट पूर्ण होते, हे मेनस्ट्रीम हिंदी सिनेमाने सांगायला ऐंशी वर्षं घेतली.

विरुद्ध म्हणजे किती विरुद्ध?

आता एक खटकणारी गोष्ट बोलते. या सगळ्या सिनेमांत 'विरुद्ध' म्हणजे काय? बडबडी आणि घुमा. श्रीमंत आणि कडका. मुंबईकर आणि पुणेकर. स्वभाव उलटे, बँक बॅलन्स उलटे. पण जात, धर्म? तिथे गोष्ट अवघडून गप्प बसते. तिकीट कुणालाही कुणाच्याही शेजारी बसवतं म्हणतो आपण. खरंच बसवतं?

बाबासाहेब आंबेडकरांनी लहानपणीचा एक प्रवास लिहून ठेवलाय, १९०१ सालचा. भावंडं साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. नवे कपडे, रेल्वेचं तिकीट, आनंदात. मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आलं नाही. जात कळल्यावर एकही गाडीवान नेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, पण या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. स्वतःच्याच गाडीत तो या लेकरांच्या शेजारी बसायला तयार नव्हता.

रेल्वेने जवळ आणलेली माणसं स्टेशनाबाहेर पाऊल ठेवताच पुन्हा लांब झाली. म्हणून 'प्रवासात सगळे सारखे' हे वाक्य मी जपून वापरते. गीत आणि आदित्यची गाडी रतलामला चुकली तर ती कॉमेडी होते, कारण पुढची गाडी, टॅक्सी, हॉटेल त्यांना नाही म्हणत नाही.

गुलाबी सीट

आता तुमच्या हातातल्या फोनवर या. बस बुकिंगचं ॲप उघडा. एखादी सीट मुलीने घेतली असेल, तर ती गुलाबी दिसते आणि शेजारची सीट फक्त मुलीलाच मिळते. म्हणजे आज एली आणि पीटर यांनी ॲपवरून तिकीट काढलं असतं, तर ती गोष्ट घडलीच नसती! पण शेपलीही तिच्या शेजारी बसू शकला नसता. गुलाबी सीट शेपलीमुळे आलीये, हे विसरू नका.

कायदाही असाच विचार करतो. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १३९ आहे. पुरुषाची सोबत नसलेल्या बाईला, तिकीट नसलं तरी, रात्री कुठल्याही स्टेशनवर उतरवता येत नाही. तिला दिवसा, जंक्शनसारख्या मोठ्या ठिकाणीच उतरवायचं. चांगली तरतूद आहे, प्रत्येक मुलीला माहीत असावी. पण ती लिहावी लागली, याचाही विचार करा.

दुसरीकडे १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. एकटीने निघायचा खर्च निम्मा झाला. प्रश्न मात्र निम्मा झालेला नाही.

माझ्या मामेबहिणीला बंगळुरूला नोकरीची मुलाखत होती. रात्रीची बस. घरात चार दिवस खल चालला. शेवटी मामाने रजा काढली आणि तो तिच्या शेजारच्या सीटवर बसून गेला. रात्रभर ती ढाराढूर झोपली आणि मामा जागा. परत आल्यावर मामीने विचारलं, पुढच्या वेळी काय करायचं? मामा म्हणाला, "ती एकटी जाईल. तिला सगळं कळतं. गाडी जेवायला थांबली तेव्हा मीच चुकीच्या बसमध्ये चढत होतो, तिने हाक मारली." फाटकाजवळ गाडी उभी करणारा बाप, हात सोडणारा बाप, यांच्या रांगेत मी आमच्या मामालाही बसवते. फरक एवढाच की त्याने मुलीला दुसऱ्या कोणाच्या हातात दिलं नाही. बसमध्ये बसवलं आणि घरी आला.

नव्वद वर्षांत ही गोष्ट इथपर्यंत आलीये. आधी सोबत घराने नेमली. मग ती तिकिटाने दिली, पण बापाने पास करायची. मग मुलीने निवडली. आणि आता सोबत नसली तरी चालेल, हेही आपण म्हणायला लागलोय.

राहता राहिला तो पहिला प्रश्न. "सोबत कोण आहे?" काळजीपोटी विचारला जातो, मी नाही म्हणत नाही. पण विचारतो आपण चुकीच्या माणसाला. दारात चप्पल घालणाऱ्या मुलीला विचारण्यापेक्षा तिच्या भावाला विचारून बघा. "तुझ्या शेजारच्या सीटवर एखादी अनोळखी मुलगी आली, तर तिला तुझी सोबत वाटेल की धाक?" त्याने मध्ये घोंगडी टांगायची गरज नाही. कोपर आपल्या हँडरेस्टवर, नजर आपल्या फोनवर, आणि तिने बोलायला सुरुवात केली तरच गप्पा. एवढं सगळ्यांनी पाळलं, तर सीटला गुलाबी रंग लागणार नाही. मग कुणाला कुणाच्या शेजारी प्रेम सापडो, नाहीतर नुसता घाट दिसो.

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात हा प्रश्न कोण विचारतं आणि तुम्ही काय उत्तर देता, ते मला व्हॉइस नोटवर नक्की सांगा. मुलांनो, तुम्हीसुद्धा. गाडीत बसून ऐकत असाल, तर आवाज जरा कमी करा, शेजारचं माणूस झोपलं असेल. भेटू पुढच्या भागात!